गावाचा कारभार कुणाच्या हाती

न्यूअर्क अँड शेरवुड हा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशर काउंटीतला एक जिल्हा. पूर्व भागातून ट्रेंट नदी वाहते, पश्चिमेला शेरवुडच्या जुन्या जंगलाची रेताड जमीन आहे आणि दोहोंच्या मध्ये चिकणमातीचा, उंचसखल असा शेतीचा मुलूख पसरलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे ६५० चौरस किलोमीटर, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. न्यूअर्क हे एकच जरा मोठे शहर, साउथवेल आणि ऑलर्टन ही लहान बाजारगावे आणि बाकी सारी खेडी. कागदोपत्री या जिल्ह्याचा जन्म १ एप्रिल १९७४ चा. तेव्हा त्याचे नाव नुसते न्यूअर्क होते, शेरवुड त्याला १९९५ मध्ये जोडले गेले. म्हणजे जिल्हा पन्नाशी ओलांडलेला आणि त्याच्या पोटातली बहुतेक खेडी हजार वर्षांची. एवढ्या जुन्या गावांचा इतिहास सांगायला बसले की किल्ले, राजे आणि लढाया यांच्यामागे जाण्याचा मोह होतो. या मुलखात त्यांची वाण नाही: राजा जॉन १२१६ मध्ये न्यूअर्कच्या किल्ल्यात वारला आणि पहिला चार्ल्स १६४६ च्या मे महिन्यात साउथवेलच्या एका सराईत स्कॉटिश सैन्याच्या हवाली झाला. मला मात्र एक साधा धागा अधिक मोलाचा वाटतो. बांध कुठे घालायचा, गुरे कधी सोडायची, रस्ता कुणी दुरुस्त करायचा, निराधार म्हातारीला कुणी जेवू घालायचे, हे या गावांत कोण ठरवत आले? हा धागा हाती धरून आपण नवव्या शतकापासून निघू.

नवव्या शतकात डेन लोकांनी पूर्व इंग्लंड व्यापले, त्यात हा मुलूखही आला. बिल्सथॉर्प, विंथॉर्प, ब्लीझ्बी या नावांत त्यांची वस्ती अजून ऐकू येते. त्यांनी मुलखाची विभागणी केली ती वॅपनटेकांत. वॅपनटेक म्हणजे आसपासच्या गावांतल्या मोकळ्या माणसांनी ठरलेल्या जागी एकत्र यायचे आणि तंटे, कर, लढाईची कामे यांचा निर्णय करायचा, अशी सभा आणि त्या सभेचा टापू. थरगार्टन, बॅसेटलॉ, न्यूअर्क ही या भागातली वॅपनटेके. त्यांतले थरगार्टन हे नाव आपल्याला पुढे, नवशे वर्षांनी, एका वेगळ्याच दारावर भेटणार आहे. ९५६ मध्ये राजा ईडविगने साउथवेलची जमीन यॉर्कच्या आर्चबिशपला दिली. या भागातल्या खेड्यांबद्दलचा हा फार जुना दस्तऐवज आहे, आणि त्यात दिसतो तो व्यवहार असा की गाव आपल्या जागी राहते, त्यावरचा हक्क मात्र दूरच्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. १०८६ च्या डोम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, हेच ठळक होते. लॅक्सटन गाव नॉर्मन विजयापूर्वी टोकी नावाच्या एका जमीनदाराकडे होते. विजयानंतर ते जेफ्री आल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे गेले. नांगर, कुरण, रान, कुळे आणि गुलाम यांची मोजदाद करून राजाच्या कारकुनांनी ते पान संपवले. नांगरणी करणारी माणसे तीच राहिली. पुढे गावाच्या उत्तरेला मातीचा उंच ढिगारा घालून किल्ला उभा राहिला, त्याचे उंचवटे आजही गवताखाली चांगले स्पष्ट दिसतात.

मालकाच्या मनात आले तर गाव मुळातच नाहीसे होऊ शकते, हे या मुलखाने बाराव्या शतकात पाहिले. ११४६ च्या सुमारास रफर्ड येथे सिस्टर्शियन पंथाचा मठ स्थापन झाला. या पंथाला एकांत हवा असे, वस्तीचा शेजार नको असे. मेंढ्यांसाठी मोठी कुरणे मात्र हवी असत. रफर्ड, क्रॅटली आणि इंकरसॉल ही मठाच्या जमिनीतली गावे हळूहळू रिकामी करण्यात आली. तिथून उठवलेल्या लोकांपैकी काही जण जवळच वेलो येथे जाऊन वसले असे मानले जाते. वेलोभोवती खंदक आणि बांध होता, मध्ये हिरवळीचा चौक. त्या चौकात आज उंच मेपोल कायमचा उभा आहे आणि दर वसंतात त्याभोवती मुलांचा फेर धरला जातो. इंग्लंडचे निसर्गरम्य खेडे म्हणून ज्याची छायाचित्रे छापतात, ते गाव विस्थापितांनी वसवले असावे, ही गोष्ट या मुलखाची ओळख करून घेताना विसरू नये.

मठ, बिशप आणि सरदार हे वरचे मालक झाले. खाली रोजची शेती चालवायची तर कुणीतरी बसून ठरवावे लागे, आणि त्या गरजेतून मॅनरचे न्यायालय आले. मॅनर म्हणजे एका जमीनदाराची जहागीर. तिचे न्यायालय जमीनदाराच्या नावाने भरे, त्याचा कारभारी अध्यक्षस्थानी असे, पण नियम सुचवणारे, साक्ष देणारे आणि दंड ठरवणारे पंच गावातलेच शेतकरी असत. कारण शेतीची पद्धतच एकत्र निर्णयाशिवाय चालणारी नव्हती. गावाचे शिवार तीन मोठ्या शेतांत विभागलेले असे. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे जव, ओट किंवा वाटाणे, तिसरे त्या वर्षापुरते पडीक. पुढच्या वर्षी चक्र एका घराने सरके. प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याच्या अरुंद, लांब पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या असत आणि त्यांच्यामध्ये कुंपण नसे. शेजाऱ्याने आधी पेरून चालत नसे. गुरे सोडायची ती कापणी झाल्यावर, सर्वांची एकाच दिवशी. नांगर वळवताना एक तास जास्त मारला की शेजाऱ्याची जमीन खाल्ली. या सगळ्यावर नजर ठेवणे हे पंचांचे काम होते. मॅनरच्या न्यायालयात जमीनदाराचा वरचष्मा होता हे खरे, पण ओढ्याकाठच्या गवतावर कुणाची किती गुरे हे त्याच्या वाड्यात बसून ठरवता येत नव्हते.

ही पद्धत कशी दिसत होती हे आपल्याला लॅक्सटनमध्येच पाहता येते, तेही १६३५ सालच्या एका नकाशात. विल्यम कोर्टेन या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याने गाव विकत घेतले होते. आपण घेतले ते नेमके काय, हे कळावे म्हणून त्याने मार्क पिअर्स या मोजणीदाराकडून शिवाराची मोजणी करून घेतली. पिअर्सने एकेक पट्टी मोजली, तिचा धारक नोंदवला आणि मग सारे गाव रंगीत नकाशात उतरवले. नकाशात घरे आहेत, चर्च आहे, पवनचक्की आहे, आणि शेतांत चिमुकली माणसे कामाला लागलेली आहेत: कुणी नांगर धरला आहे, कुणी कापणी करते आहे, कुठे मेंढ्या आहेत, कुठे शिकारी चालले आहेत. मालकीचा हिशेब म्हणून काढलेला कागद गावाचे चित्र होऊन बसला. मूळ नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. ज्यांना मोजणी खात्याच्या रुक्ष नकाशांची सवय आहे त्यांनी तो एकदा तरी पाहावा.

इकडे मॅनरच्या जोडीला दुसरी एक संस्था बळावत होती, ती म्हणजे पॅरिश. मुळात हा चर्चचा टापू: जिथले लोक एका चर्चला दशांश देतात, तिथेच बाप्तिस्मा घेतात आणि तिथेच पुरले जातात, तेवढे क्षेत्र. सोळाव्या शतकात राज्याने या टापूवर एकेक ओझे टाकायला सुरुवात केली. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवायच्या झाल्या. १५५५ मध्ये रस्त्यांची दुरुस्ती पॅरिशच्या गळ्यात आली. रहिवाशांनी वर्षाकाठी चार दिवस, आणि पुढे सहा दिवस, विनामोबदला राबायचे. १६०१ च्या कायद्याने तर गरिबांचे पालनपोषणही पॅरिशवर सोपवले. दरवर्षी गावातल्या काही घरधन्यांना गरिबांचे पालक म्हणून नेमायचे, त्यांनी जमीनधारकांकडून पट्टी गोळा करायची आणि अपंग, म्हातारे, अनाथ यांना पोसायचे. चर्चच्या ज्या खोलीत पाद्र्याची वस्त्रे ठेवत, तिथे हे हिशेब तपासायला लोक जमत, म्हणून त्या सभेला व्हेस्ट्री म्हणू लागले. कुणाला शेगडीचा कोळसा द्यायचा, कुणाच्या पोराला उमेदवारीला लावायचे, कुणाला बूट घेऊन द्यायचे, असे निर्णय इथे होत. शेजाऱ्याच्या दारिद्र्याची अशी तपशीलवार दखल घेण्यात माया होती आणि जाचही होता.

जाच कुठे होता ते १६६२ च्या कायद्यावरून कळते. पोसायची जबाबदारी गावाची, तर मग बाहेरचा गरीब आपल्याकडे येऊन बसू नये, ही चिंताही गावाचीच. नव्याने आलेला माणूस वर्षाला १० पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात राहत असेल आणि पुढे तो गावावर भार होईल असे वाटले, तर तो आल्यापासून ४० दिवसांच्या आत तक्रार करून दोन न्यायाधीशांच्या हुकुमाने त्याला त्याच्या मूळ गावी परत पाठवता येई. वर्षभर सलग चाकरी केली की त्या गावचा हक्क मिळतो असा नियम पुढे झाला, तेव्हा शेतकऱ्यांनी गडी ५१ आठवड्यांसाठी ठेवण्याची युक्ती काढली. गरोदर अविवाहित मुलीला प्रसूतीच्या आत हद्दीपार करण्याची धडपड तर इंग्लंडभरच्या पॅरिशांच्या दप्तरांत जागोजागी सापडते, कारण मूल ज्या हद्दीत जन्मले त्या गावच्या माथी ते बसे. गावकी प्रेमळ असते असे गृहीत धरून तिचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही दप्तरे वाचावीत. याच सुमारास, १६६५-६६ च्या प्लेगात, डर्बीशरमधल्या ईम गावाला स्वतःच्या वेशीत कोंडून घ्यायला प्रवृत्त करणारा विल्यम मॉम्पेसन हा धर्मोपदेशक पुढे आपल्या या मुलखातल्या ईक्रिंग गावी नेमला गेला. प्लेगच्या भीतीने ईक्रिंगकरांनी त्याला सुरुवातीला गावात घेतले नाही आणि तो रफर्डच्या रानात झोपडीत राहिला, असे परंपरेने सांगतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गरिबांसाठीची पट्टी झपाट्याने वाढू लागली. फ्रान्सशी चाललेली युद्धे, महाग धान्य आणि कुंपणात गेलेली जमीन ही त्याची कारणे. यांतल्या कुंपणाविषयी थोडे सांगायला हवे. सामाईक शेते आणि गायराने मोडून एकेका मालकाच्या नावे सलग तुकडे करून द्यायचे, यासाठी पार्लमेंटमध्ये कायदे होत. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा, त्यांखाली गेली. नॉटिंगहॅमशरची गावे एकामागून एक या वाटेने गेली. ज्याच्याकडे कागद होता त्याला तुकडा मिळाला. ज्याच्याकडे नुसती वहिवाट होती, म्हणजे एक गाय गायरानावर सोडायची, सरपण गोळा करायचे, कापणीनंतर लोंब्या वेचायच्या, त्याच्या हाती फारसे काही उरले नाही. आणि पंचांनी बसून ठरवायचेही काही उरले नाही, कारण आता प्रत्येकाचे शेत कुंपणाआड होते. मॅनरची न्यायालये ओस पडली ती अशी.

गरिबीच्या प्रश्नावरचा या काळातला सर्वांत कठोर प्रयोग याच मुलखात झाला आणि मग तो देशभर गेला. साउथवेलचा पाद्री जॉन थॉमस बीचर याने आधी आपल्या पॅरिशपुरते एक वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून घेऊन कामाला लावण्याचे घर, चालवून पाहिले. मग १८२४ मध्ये ४९ पॅरिशांना एकत्र आणून साउथवेलच्या वेशीबाहेर मोठी इमारत उभी केली. तिला नाव दिले थरगार्टन हंड्रेड इनकॉर्पोरेटेड वर्कहाउस. डेन लोकांच्या सभेचे ते जुने नाव आपल्याला इथे पुन्हा भेटते. इमारत लाल विटांची, तीन मजली, १५८ माणसांसाठी बांधलेली. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, मुले तिसरीकडे. त्यातही धडधाकट वेगळे, म्हातारे आणि आजारी वेगळे. प्रत्येक गटाचे अंगण वेगळे आणि जिनेही वेगळे, जेणेकरून आत आल्यावर नवऱ्याला बायको दिसू नये. मध्यभागी वर्कहाउसच्या मुख्याची खोली, जिच्या खिडक्यांतून सारी अंगणे नजरेखाली राहतील. काम म्हणजे दगड फोडणे, जुने दोरखंड उसवणे. बीचरचा हिशेब असा होता की घरपोच मदत बंद करून हे दार दाखवले, तर खरोखर नाइलाज झालेलाच आत येईल. त्याने १८२८ मध्ये या पद्धतीवर पुस्तिका लिहिली. साउथवेलमध्ये काही वर्षे गरिबांचा पालक म्हणून काम केलेला जॉर्ज निकल्स, जो तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर कप्तान होता, तो १८३४ च्या नव्या गरीब कायद्याच्या तीन आयुक्तांपैकी एक झाला. साउथवेलचा नमुना अशा रीतीने देशाचा कायदा बनला. पॅरिशांचे संघ झाले, संघावर निवडून आलेले पालक बसले, आणि या पालकांच्या निवडणुकीत ज्याची मालमत्ता मोठी त्याला मते जास्त, मालक म्हणून एकाला सहापर्यंत. शेजाऱ्याला बूट द्यावेत का, हा प्रश्न गावाच्या व्हेस्ट्रीतून उठून संघाच्या कचेरीत गेला. साउथवेलची ही इमारत विसाव्या शतकातही या ना त्या रूपाने वापरात राहिली. १९९७ मध्ये ती नॅशनल ट्रस्टने घेतली आणि २००२ पासून लोकांना पाहायला खुली केली. ते वेगवेगळे जिने आजही चढता येतात. माझ्या मते इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासातली ही सर्वांत बोलकी वास्तू आहे, साउथवेलच्या सुंदर कॅथीड्रलहूनही.

खेड्यातली खरी गावकी अशी विरत असतानाच विद्वानांना तिचे मोल वाटू लागले, आणि इथे आपली वाट थोडा वेळ महाराष्ट्रातून जाते. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात दख्खनचे गाव म्हणजे पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांच्यासह आपला कारभार आपण पाहणारे एक लहानसे राज्यच आहे, असे चित्र त्याने रेखाटले. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफने उत्तर हिंदुस्थानातल्या गावांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली. व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेविषयक सदस्य राहिलेल्या हेन्री मेन याने परत गेल्यावर ऑक्सफर्डमध्ये व्याख्याने दिली आणि १८७१ मध्ये पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या ग्रामसमुदायांची तुलना करणारे पुस्तक छापले. इंग्लंडमधली सामाईक शेते आणि हिंदुस्थानातली गावे ही एकाच प्राचीन संस्थेची दोन रूपे, असा त्याचा सिद्धांत. फ्रेडरिक सीबोमने १८८३ मध्ये तो खोडून काढायचा प्रयत्न केला: इंग्रज खेड्याची सुरुवात मोकळ्या माणसांच्या समुदायातून झाली नाही, धन्याच्या जमिनीवर राबणाऱ्या बांधील कुळांतून झाली, असे त्याचे म्हणणे. डोम्सडेतले गुलाम आणि रफर्डच्या मठाने उठवलेली गावे आठवली की सीबोमचे म्हणणे मला सहज उडवून लावता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मेटकाफच्या त्या चित्राचा कठोर समाचार घेतला, तेव्हा त्यांच्यासमोर हिंदुस्थानातले खेडे होते. पण गावाबाहेर कुणाला ठेवले जाते, हा त्यांचा प्रश्न इंग्लंडमधल्या १६६२ च्या कायद्यालाही लागू पडतो.

१८९४ च्या कायद्याने गावाला काही परत दिले. तीनशेहून अधिक वस्तीच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशला निवडून आलेली कौन्सिल मिळाली, लहान पॅरिशांना सर्व मतदारांची सभा. मालमत्तेनुसार जादा मते गेली. बायकांना, विवाहित असोत वा नसोत, उभे राहता येऊ लागले. डिसेंबर १८९४ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. ज्या गावांत जमीनदार आणि पाद्री यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे, तिथे शेतमजूर आणि सुतार-लोहार उमेदवार म्हणून उभे राहिले. पाद्रीबुवांना चर्चचा कारभार ठेवून गावचा कारभार सोडावा लागला. अधिकार मात्र तोकडे होते: भाजीपाल्याचे मळे भाड्याने देणे, पायवाटा राखणे, धर्मादाय निधी पाहणे. कर पौंडामागे ३ पेनी, गावसभेने संमती दिली तर ६. रस्ते, गटारे, घरे ही मोठी कामे नव्या ग्रामीण जिल्हा कौन्सिलांकडे गेली. साउथवेल आणि न्यूअर्क येथे अशा कौन्सिली बसल्या, त्यांतूनच पुढे आपला आजचा जिल्हा निघाला.

या पुनर्जन्माला तीस वर्षे होतात न होतात तोच पश्चिमेकडच्या गावांवर कोळसा आला. शेरवुडच्या रेतीखाली खोलवर कोळशाचे थर होते, आणि १९२० च्या दशकात ऑलर्टन, बिल्सथॉर्प, क्लिपस्टोन, ब्लिडवर्थ आणि एडविनस्टो येथे एकापाठोपाठ एक खाणी सुरू झाल्या. ऑलर्टनची वस्ती १९२१ मध्ये सातशेच्या आत होती, दहा वर्षांत ती चार हजारांच्या घरात गेली. बटरली कंपनीने खाणीशेजारी आख्खे नवे गाव वसवले. नीटनेटकी घरे, पुढे बाग, चर्च, मैदान, आणि त्या काळी नवलाईची वाटावी अशी सोय म्हणजे खाणीवरून नळाने थेट घरात येणारे गरम पाणी. घर कंपनीचे, भाडे पगारातून कापलेले, नोकरी गेली की घर गेले. बाग उजाड दिसली तर विचारणा होई. कौन्सिलची निवडणूक कायद्याने खुली होती, पण आपल्या घरमालकाच्या आणि मुकादमाच्या विरोधात उभा राहणार कोण? १९२६ च्या खाणींतल्या टाळेबंदीनंतर जॉर्ज स्पेन्सर या कामगार पुढाऱ्याने काढलेली नवी संघटना कंपन्यांनी मान्य केली आणि जुन्या संघटनेला दहा वर्षे दारात उभे केले नाही. मठाच्या काळानंतर एवढी पूर्ण मालकी या मुलखाने पाहिली ती इथेच. १९४७ च्या राष्ट्रीयीकरणाने कंपन्या गेल्या. १९८४ च्या संपात नॉटिंगहॅमशरचे बहुतेक खाणकामगार, राष्ट्रीय मतदान झाले नाही या कारणाने, कामावर जात राहिले, आणि १५ मार्च १९८४ रोजी ऑलर्टनच्या फाटकाशी यॉर्कशायरहून निदर्शनाला आलेला एक तरुण कामगार मरण पावला. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला, काही घरांत भाऊ भावाशी. मग खाणीच बंद पडत गेल्या: ऑलर्टन १९९४, बिल्सथॉर्प १९९७, क्लिपस्टोन २००३ आणि शेवटी एडविनस्टोजवळची थोर्स्बी खाण जुलै २०१५ मध्ये. क्लिपस्टोनचे दोन उंच लोखंडी मनोरे तेवढे गावावर उभे आहेत.

कोळशापेक्षाही कमी ठाऊक असलेली गोष्ट तेलाची. ईक्रिंगच्या ड्यूक्स वुड रानात १९३९ मध्ये तेल सापडले आणि युद्धामुळे ते गुप्त ठेवले गेले. १९४३ मध्ये अमेरिकेहून ४२ खोदकामगार आले आणि वर्षभरात त्यांनी १०६ विहिरी पाडल्या. त्यांना उतरवले होते केलम हॉलमध्ये, जिथे १९०३ पासून अँग्लिकन साधूंचा मठ होता. एकाच छताखाली साधूंची प्रार्थना आणि तेलाने माखलेल्या बुटांची ये-जा, असा तो संसार चालला. याच केलममध्ये, पूर्वीच्या वाड्यात, पहिल्या चार्ल्सला शरण आल्यावर ठेवले होते. आणि साधू १९७३ मध्ये निघून गेल्यावर याच हॉलमध्ये नव्या जिल्हा कौन्सिलची कचेरी बसली, ती २०१७ पर्यंत. थरगार्टनच्या मोकळ्या सभास्थळापासून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने बांधलेल्या गॉथिक वाड्यापर्यंत सत्तेची बैठक अशी सरकत आली.

आता आपण लॅक्सटनकडे परत जाऊ, कारण तिथे घडायचे ते घडले नव्हते. गावातली काही जमीन अठराव्या शतकात कुंपणात गेली, पण मोठी तीन शेते राहून गेली. पिअरपाँट घराणे, म्हणजे पुढचे अर्ल मॅनव्हर्स, सर्वांत मोठे मालक होते, तरी सारे गाव त्यांचे नव्हते आणि सर्वांचे एकमत जमले नाही. १९०३ नंतरच्या काही वर्षांत पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या गेल्या, त्यामुळे आज त्या १६३५ इतक्या अरुंद नाहीत. १९३८ मध्ये ऑरविन दांपत्याने लॅक्सटनवर ग्रंथ लिहिला आणि गाव अभ्यासकांच्या नजरेत आले. सहाव्या अर्लने १९५२ मध्ये ही जमीन कृषी मंत्रालयाला विकली, ती पद्धत जपली जावी म्हणून. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये पुन्हा थोर्स्बी इस्टेटकडे, म्हणजे पिअरपाँटांच्या वारसांकडे. १९७७ मध्ये पार्लमेंटने देशभरातल्या जुन्या मॅनर न्यायालयांचे निवाडा करण्याचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्सटनच्या कोर्ट लीटचा, म्हणजे तिथल्या मॅनर न्यायालयाचा, अपवाद कायद्यातच ठेवला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी त्या कोर्टाची ज्यूरी शेतावर निघते. त्या वर्षी ज्या शेतात गहू पेरला असेल तेवढेच तपासायचे. मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये बसतात, सोबत लाकडी खुंट्या आणि हातोडे. दोन पट्ट्यांमधली रेघ कुठे सरकली आहे का, शेताकडेच्या सामाईक गवताच्या पट्टीत कुणाचा नांगर घुसला आहे का, चर बुजला आहे का, हे पायी फिरून पाहायचे, वाद वाटला तर जुन्या खुणांवरून अंदाज घ्यायचा आणि खुंटी ठोकायची. ज्याच्या शेतावर उभे आहोत तो बहुतेक वेळा ज्यूरीतलाच असतो, तेव्हा त्याच्यादेखतच त्याचा दंड ठरतो. पुढच्या आठवड्यात गावातल्या डव्हकोट इन या खानावळीत कोर्ट भरते. मॅनरचा कारभारी अध्यक्ष. दंड वाचले जातात, पुढच्या वर्षीच्या गव्हाच्या शेतासाठी नवी ज्यूरी शपथ घेते. हजर न राहिलेल्यालाही काही पेन्सचा दंड असतो. त्या सामाईक गवताचा लिलाव उन्हाळ्यात वेगळा होतो. हे पर्यटकांसाठी मांडलेले नाटक मानायचे कारण नाही. ज्याने तास जास्त मारला त्याला खरोखर पैसे भरावे लागतात.

बाकीच्या मुलखात आज गावापुढचे प्रश्न वेगळ्या आकाराचे आहेत. जुलै २०१३ मध्ये मुसळधार पावसाने साउथवेलमध्ये पूर आला, घरांत पाणी शिरले, आणि ओढ्याची, गटाराची, रस्त्याची जबाबदारी वेगवेगळ्या कचेऱ्यांकडे असल्याने कुणाकडे जायचे हे कळायलाही रहिवाशांना स्वतःची संघटना बांधावी लागली. केलम, कॉन्टन, ईक्रिंग या बाजूच्या शेतजमिनीवर मोठा सौरऊर्जा प्रकल्प प्रस्तावित झाला आहे. पॅरिश कौन्सिली त्यावर आपले म्हणणे लेखी मांडू शकतात, जिल्हा कौन्सिलही मांडते, पण २००८ च्या नियोजन कायद्यानुसार एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा निर्णय लंडनमधला मंत्री करतो. त्यातच डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने काउंटी आणि जिल्हा अशी दुपदरी रचना मोडून एकेकच मोठी कौन्सिल आणण्याचे धोरण जाहीर केले, आणि नॉटिंगहॅमशरमध्येही त्याची आखणी सुरू झाली. ते पार पडले तर १९७४ मध्ये जन्मलेला हा जिल्हा सीमारेषांसह इतिहासजमा होईल. पॅरिश कौन्सिली राहणार आहेत, पायवाटा आणि मळे यांच्यासह. लॅक्सटनच्या ज्यूरीचा तर या फेररचनेशी संबंधच येत नाही: तिचा अधिकार मॅनरचा आहे, आणि मॅनर कुठल्याही कौन्सिलच्या अखत्यारीत कधीच नव्हता.